पुढे गेलेली आसावरी

बंगळुरातल्या बोम्मसंद्र्याच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत चौघं एकत्र बसायची. शमिका पुण्याची, तनय नागपूरचा, प्रणीत डोंबिवलीचा, आणि आसावरी पेंढारकर इथलीच, राजाजीनगरात जन्मलेली. तिच्या मराठीत मधूनच कन्नड यायचं, 'बरं'च्या जागी 'सरी' आणि 'थोडं'च्या जागी 'स्वल्प'. बाकीचे तिघं त्यावरून तिची थट्टा करायचे. पण बंगळुरात घर असलेली तीच एक होती, त्यामुळे गणपतीला मोदक आणि दिवाळीला चकल्या तिच्याच घरून यायच्या.

पाठीवर सॅक टाकून युरोपात भटकायचं, ही कल्पनाही आसावरीचीच. मोठी शहरं नकोत, असं तिनं सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. झेक आणि स्लोव्हाक मुलखातली जुनी, छोटी गावं तिनं शोधून काढली. तेल्च, श्त्यावनित्सा, लेवोचा. कुठून कुठली बस पकडायची, कुठल्या घरगुती लॉजमध्ये उतरायचं, सगळं तिनं ठरवलं. चौघांच्या सॅकवर घालायची पावसाळी आवरणंही तीच चिकपेटच्या बाजारातल्या गर्दीत शिरून घेऊन आली. "आम्ही फक्त चालायचं," तनय म्हणायचा. "डोकं आसावरीचं, पाय आमचे."

निघायच्या आधीच्या आठवड्यात तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला.

नंदकिशोर पेंढारकर सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. सांगलीहून तरुणपणी आले ते इथंच राहिले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाप-लेक दोघंच घरात. झटका तसा सौम्य होता. उजवा हात-पाय लुळा पडला, बोलणं जड झालं, पण जिवाचा धोका टळलाय असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांना घरी सोडलं. सांभाळायला रक्षिता नावाची मंड्याकडची मुलगी ठेवली. ती हुशार होती, हाताला हलकी होती. नातेवाइकांनीही सांगितलं, आता तू जाऊन ये. खुद्द बाबाच शब्द जुळवत म्हणाले, "आसू, तू जा. मी कुठे पळतोय?"

ती निघाली. दुपारी टॅक्सी फाटकाशी येऊन उभी राहिली. आसावरीनं सॅक पाठीवर चढवली, बाबांना नमस्कार केला, फाटकापर्यंत आली. ड्रायव्हरनं डिकी उघडली. एक हात फाटकावर आणि एक सॅकच्या पट्ट्यावर, अशी ती तिथं किती वेळ उभी राहिली हे तिला स्वतःलाही नंतर सांगता आलं नाही. एवढंच आठवत होतं, की एक क्षण आपण गाडीत बसलोच असं तिला वाटलं होतं. सीटचा गरम रेक्झिनचा स्पर्शसुद्धा जाणवला होता. आणि दुसऱ्या क्षणी ती फाटकाच्या आतच होती आणि ड्रायव्हरला म्हणत होती, "सॉरी अण्णा, मी नाही येत."

टॅक्सी गेली. शमिकाला तिनं फोन करून सांगितलं. एअरपोर्टवर तिघांनी बरीच चर्चा केली, आपणही रद्द करू म्हणाले. आसावरीनं त्यांना रागावून विमानात बसायला लावलं.

त्याच संध्याकाळी बाबांना दुसरा झटका आला. पहिल्यापेक्षा जबर. रक्षिता घाबरून नुसती ओरडायला लागली. आसावरीनं शेजारच्या बसवंतअण्णांना हाक मारली, दोघांनी मिळून त्यांना गाडीत घातलं आणि हॉस्पिटल गाठलं. डॉक्टर नंतर म्हणाले, थोडा जरी उशीर झाला असता तरी काही हाती लागलं नसतं.

पुन्हा घरी आणेपर्यंत ती हॉस्पिटलातच बाकावर झोपत होती. तिकडे तिघं व्हिएन्नात, आखणीतल्या एकुलत्या मोठ्या शहरात, उतरले होते, तिथं चार दिवस काढून तेल्चकडे निघाले होते. दुसऱ्या झटक्याचं तिनं त्यांना कळवलं नाही. त्यांची सहल कशाला नासवायची?

घरी आल्यावर पहिल्याच दुपारी ते घडलं. बाबांना डोळा लागला होता, रक्षिता स्वयंपाकघरात भांडी आवरत होती. आसावरी खिडकीशी वेताच्या खुर्चीत टेकली आणि तिला झोप लागली.

ती एका लांबोळक्या चौकात चालत होती. दोन्ही बाजूंना कमानींचे ओटे, वर गुलाबी, पिवळ्या, हिरवट रंगांची घरं, प्रत्येकाच्या कपाळावर वेगळी महिरप. पायाखाली गोटे. सॅकचं बक्कल प्रत्येक पावलागणिक किणकिणत होतं. चौकात माणूस नव्हतं. कुठंतरी पाणी असल्याचा, शेवाळाचा वास येत होता. स्वप्नात असतो तसा धूसरपणा अजिबात नव्हता. उलट सगळं फार नीट दिसत होतं. एका बाईनं दार उघडलं, आसावरीनं तिला आपलं नाव सांगितलं, बाईनं किल्ली दिली.

जाग आली तेव्हा तळपाय ठणकत होते. दिवसभर चालल्यावर ठणकतात तसे.

संध्याकाळी शमिकाचा फोन आला. "अगं, पोचलो तेल्चला! काय सुंदर आहे गं, तू हवी होतीस. बाय द वे, तू तुझं बुकिंग कॅन्सल केलं नव्हतंस का?"

"केलंय की. का?"

"लॉजवाली म्हणते, तुमची चौथी मैत्रीण दुपारीच आली, किल्ली घेऊन वर गेली. आम्ही वर गेलो तर कुणी नाही. पण किल्ली दाराला होती आणि एका पलंगाची चादर चुरगळलेली. कुणीतरी बसून गेल्यासारखी."

"दुसरं कुणी टुरिस्ट असेल."

"तेच म्हटलं आम्ही. पण नाव 'आसावरी' सांगितलं म्हणते. आता बोल!"

मागून तनय ओरडला, "आसावरीचं भूत आलंय प्लॅनिंग चेक करायला!" सगळी हसली. आसावरीही हसली. फोन ठेवल्यावर तिनं इंटरनेटवर तेल्चच्या चौकाचे फोटो उघडले. कमानी, महिरपी, सगळं तिथं होतं. पण हे फोटो तिनं आखणी करताना शंभरदा पाहिले होते. तेच स्वप्नात आलं असणार. तिनं स्वतःची समजूत घातली आणि बाबांसाठी मऊ भात लावायला उठली.

पुढे एक-दोन दिवस काही झालं नाही. मग एका दुपारी ती पुन्हा खुर्चीत टेकली. आता डोंगरउताराचं गाव होतं. रिमझिम पाऊस, गल्ल्यांमधून चढत जाणारे दगडी जिने, धुक्यात अर्धं बुडालेलं एक देऊळ. देऊळ कसलं, चर्चच, पण स्वप्नात तिच्या मनात देऊळच आलं. एका जिन्याला लाल कठडा होता. वरून तिसरी पायरी फुटलेली होती आणि तिथं तिचा पाय मुरगळता मुरगळता राहिला. मग एका उबदार खोलीत बसून ती खसखशीचा केक खात होती. भूक लागली होती म्हणून खात होती, चव लागत नव्हती. छातीवर काहीतरी प्रचंड ओझं होतं. कसलं, ते स्वप्नातल्या आसावरीला ठाऊक होतं, हिला नव्हतं.

"अक्का! अक्का, एनायतु?"

काय झालं, काय झालं, विचारत रक्षिता तिचे दोन्ही हात चोळत होती. तिचा चेहरा भेदरलेला होता. कितीतरी हाका मारल्या, ती सांगत होती, तुमचे डोळे उघडे होते, पण तुम्ही ऐकतच नव्हतात. आणि हात बघा, बर्फ झालेत.

बाहेर स्वच्छ ऊन होतं. आसावरीच्या तोंडात खसखशीची चव होती. उठायला गेली तर उजव्या टाचेत कळ आली. चप्पल काढून पाहिलं. टाचेला टपोरा, पाण्यानं भरलेला फोड आला होता. नव्या बुटानं लांब चालल्यावर येतो तसा. आणि आठवडाभरात ती घर आणि हॉस्पिटल सोडून कुठंही गेली नव्हती.

या वेळी फोन तनयचा होता आणि तो हसत नव्हता.

"आसावरी, एक सरळ सांग. तू या लॉजवाल्यांना मेल-बिल करतेयस का? म्हणजे प्रँक असेल तर भारी आहे, पण आता पुरे. शमिका घाबरलीय."

"काय झालं?"

"इथं श्त्यावनित्सात लॉजवाला म्हातारा म्हणतो, तुमची मैत्रीण दुपारी जेवून गेली. निरोप ठेवलाय म्हणे, मी पुढे जाते, तुम्ही सावकाश या. मी विचारलं कशी दिसते, तर सगळं तुझंच सांगितलं. लांब वेणी, हनुवटीवर तीळ. तूच सांगितलं असशील त्याला, दुसरं कोण सांगणार?"

आसावरी म्हणाली, "तनय, तुमच्या लॉजसमोर एक जिना आहे का? लाल कठड्याचा?"

"हो. मग?"

"त्याची वरून तिसरी पायरी फुटकी आहे का, ते बघ."

तो बाहेर गेला असावा. पावसाचा आवाज आला, पावलांचा आला. मग पावलं थांबली. "हे तुला कुणी सांगितलं?" त्यानं विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आधीच फोन बंद केला.

त्यानंतर आसावरीला झोपेची भीती वाटू लागली. रात्री काही व्हायचं नाही. जे व्हायचं ते दुपारीच, तिकडे दिवस चढलेला असताना. दुपार झाली की ती कपडे वाळत घालायची, डबे घासायची, उगीचच बसवंतअण्णांच्या दारात जाऊन उभी राहायची. बाबा पलंगावरून तिची ही धावपळ बघत असायचे. एकदा त्यांना चमच्यानं पेज भरवताना त्यांनी तिचं मनगट धरलं.

"आसू. दुपारी कुठे जातेस?"

"कुठे नाही बाबा. इथेच असते."

"खुर्चीत असतेस," ते सावकाश, एकेक शब्द सोडवत म्हणाले. "पण नसतेस."

तिनं पेजेची वाटी खाली ठेवली आणि त्यांचं तोंड पुसलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

तिघं लेवोचाला पोचायचे होते त्या दुपारी आसावरीनं ठरवलं की बसायचंच नाही. ती ओट्यापाशी उभी राहून दूध तापवू लागली. दुधावर साय धरायला लागलेली तिला दिसली. आणि मग सायीच्या जागी राखाडी आकाश दिसलं. डोळे उघडेच होते.

तटबंदीच्या आतलं गाव. मोठा चौक, मध्ये चर्च आणि नगरसभेची जुनी इमारत, आणि तिच्या बाजूला लोखंडी सळ्यांचा एक भलामोठा पिंजरा. तो कशाचा, हे आसावरीनं वाचलं होतं. जुन्या काळी बदनाम बायकांना त्यात उभं करून गावाला दाखवत. पिंजऱ्यासमोरच्या बाकावर ती बसली होती. सॅक शेजारी. घंटा वाजत होत्या. चौकाच्या पलीकडून तीन माणसं येत होती आणि त्यातली एक थबकली. शमिका. आसावरीला शमिका इतकी स्पष्ट दिसली, की तिच्या ओठांवरचा रंग उडून गेलेला दिसला. शमिका पावलं ओढत जवळ आली, तिचं तोंड उघडलं—

दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, गॅसचा वास सुटला होता. रक्षितानं बटण बंद केलं, खिडकी उघडली आणि आसावरीला धरून हॉलमध्ये आणून बसवलं. या वेळी ती कन्नडमध्ये स्वतःशीच देवाचं नाव घेत होती.

तासाभरात शमिकाचा फोन आला. ती हुंदके देत होती.

"आसा, आय अ‍ॅम सो सॉरी. काका गेले आणि तू आम्हाला सांगितलं पण नाहीस. आणि तू इथे काय करतेयस? म्हणजे, हा फोन तू कुठून उचललायस? तू आत्ता तिथे बाकावर होतीस ना?"

आसावरीनं समोर पाहिलं. बाबा पलंगावर उशीला टेकून बसले होते. रक्षिता त्यांना बशीतून चहा पाजत होती. "स्वल्प साखर घाल," ते म्हणत होते.

"शमिका, बाबा आहेत. माझ्यासमोर चहा पितायत. कोण म्हणालं गेले?"

पलीकडचे हुंदके थांबले.

"तू," शमिका म्हणाली. "तूच म्हणालीस."

मग तिनं सगळं सांगितलं. मध्ये मध्ये थांबून, मागे तनय 'बस कर, बस कर' म्हणत असताना सांगितलं. बाकावर आसावरी होती. तेच डोळे, तोच आवाज, तीच चिकपेटची निळी पावसाळी खोळ सॅकवर. शमिकानं तिचा हात धरला होता. हात गरम होता. ती म्हणाली, एअरपोर्टवर तुम्ही कुणीच भेटला नाहीत, खूप शोधलं, मग एकटीच पुढे निघाले. उतरल्यावर घरी फोन लावला. रक्षितानं उचलला. ती नुसती रडत होती. बाबा त्याच संध्याकाळी गेले, मी विमानात असताना. मला हाका मारत होते म्हणे. त्यानंतर घरचा फोन कधी लागलाच नाही. आता कुणासाठी परतू? हीच गावं मला ठाऊक होती, म्हणून जातेय एकेक करत.

"आम्ही काहीच बोलू शकलो नाही," शमिका म्हणाली. "प्रणीतनं तिचा फोटो काढला, तर ती त्याच्याकडे बघून म्हणाली, नको ना रे, रडून चेहरा सुजलाय. मग सॅक उचलली आणि आम्ही राहणार त्याच घरात गेली. मार्ताबाईंच्या, बेकरीवरच्या. आसा, आम्ही तिथे नाही राहणार. आम्ही स्टेशनवर आलोय. आम्ही परत येतोय."

आसावरीनं फोन खाली ठेवला. तिला फाटक आठवलं. डिकी उघडून उभा राहिलेला ड्रायव्हर, गरम रेक्झिनचा स्पर्श. एक आसावरी फाटकातून मागे फिरली होती आणि तिनं संध्याकाळी बाबांना उचलून हॉस्पिटलात नेलं होतं. दुसरी गाडीत बसली होती. बाबांनीच जा म्हटलं म्हणून, सगळ्यांनी जा म्हटलं म्हणून, वर्षभर मनात धरलेलं पुरं करायचं म्हणून. तिच्या मागे त्या संध्याकाळी इथं बाबांना उचलायला कुणी नव्हतं.

त्या आठवड्यात दुपारी ती मुद्दाम खुर्चीत बसू लागली. आता तिला पळायचं नव्हतं. पण काही दिसायचं नाही. एखाद्या वेळी मैद्याचा आणि यीस्टचा वास यायचा, भट्टीची धग गालाला लागायची, एवढंच. आणि ते ओझं. ते आता जागेपणीही छातीवर असायचं.

एका सकाळी, ऊन हॉलमध्ये आलेलं असताना, फोन वाजला. परदेशी नंबर, आणि साधा नाही, व्हिडिओ कॉल होता. आसावरीनं उचलला. गोल चेहऱ्याची, डोक्याला रुमाल बांधलेली म्हातारी बाई होती. मागे पावाच्या परड्या दिसत होत्या.

"तू आसावरी?" मार्ताबाईंचं इंग्रजी तोडकंमोडकं होतं. "बुकिंगवर हा नंबर होता, म्हणून केला." मग त्यांनी पडद्यात डोळे घातले आणि त्यांचा हात आपोआप छातीपाशी गेला. "देवा. तुम्ही जुळ्या बहिणी?"

आसावरीनं मान हलवली. हो की नाही, ते तिचं तिलाही कळलं नाही.

"ती इथे आहे. पीठ मळायला मदत करते. चांगली मुलगी. पण खात नाही. भट्टीजवळ बसते आणि म्हणते, थंडी वाजते. मी म्हटलं, घरी फोन कर. म्हणाली, माझा लागत नाही. म्हणून मी केला." बाई अडखळल्या. "ती दाराशी उभी आहे. तिनं तुझा आवाज ऐकला. ती म्हणते, तुझ्याशी नाही बोलायचं. फक्त विचार म्हणते, वडील तिथं आहेत का."

पडद्याच्या कडेला, पावाच्या परड्यांमागे, कुणाची तरी सावली हलली. पिठानं माखलेली बोटं चौकटीवर आली. आसावरीनं ती बोटं ओळखली. आपली बोटं कोण ओळखणार नाही? तिनं झटकन नजर वळवली. फोन बंद करावा असं तिला फार वाटलं. अंगठा त्या लाल खुणेपर्यंत गेला.

"कोण आहे गं?" बाबांनी विचारलं.

ते आरामखुर्चीत उन्हाला बसले होते. डावा हात त्यांनी पुढे केला. "दे इकडे."

"बाबा, नको."

"दे."

आसावरी त्यांच्यासमोर जमिनीवर गुडघे टेकून बसली. फोन त्यांच्याकडे तोंड करून दोन्ही हातांनी धरला. पडदा तिला दिसत नव्हता. तिला फक्त बाबांचा चेहरा दिसत होता. पलीकडे खुडबुड झाली, फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला असावा. बाबा पडद्याकडे बघत राहिले. ते दचकले नाहीत. त्यांनी एकदा आसावरीकडे पाहिलं, एकदा फोनकडे, आणि त्यांच्या चेहऱ्याची निरोगी बाजू हळूहळू हलली.

"पोचलीस का?" ते म्हणाले.

"हो बाबा."

फोनमधून आलेला तो आवाज आसावरीचा होता. रेकॉर्डिंगमध्ये ऐकल्यावर आपला आवाज जसा परका आणि थोडा पातळ वाटतो, तसा. तिनं फोन खाली येऊ दिला नाही.

"किती वाळलीस गं. जेवत नाहीस?"

"बाबा, मी गेले. तुम्हाला टाकून गेले मी."

"मीच म्हटलं होतं ना, जा म्हणून." त्यांची जीभ एरवी प्रत्येक शब्दाला अडायची. आता ती अडत नव्हती. "माझं ऐकलंस. त्यात काय चुकलं?"

"तुम्ही हाका मारत होता."

"मारल्या असतील. माणूस मारतो हाका." ते थांबले. डावा हात उचलून त्यांनी समोर बसलेल्या आसावरीच्या डोक्यावर ठेवला, नजर मात्र फोनमध्येच होती. "हे बघ, ही आहे माझ्यापाशी. माझं सगळं करते. तू काळजी करू नकोस. तू फिर. तुला फिरायचं होतं ना? मग फिर सावकाश. आणि जेव."

पलीकडून रडण्याचा आवाज आला. आसावरीच्याही गालांवरून पाणी ओघळत होतं. कोणाचं रडणं कुठून येतंय हे स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या रक्षिताला कळेना. तिनं तोंडावर ओढणी धरली होती. मग फोनमधला आवाज लांब गेला, मार्ताबाई त्यांच्या भाषेत कुणाला तरी काहीतरी समजावत होत्या, आणि कॉल तुटला.

बाबा दमले होते. त्यांनी डोळे मिटले. आसावरी तशीच त्यांच्या पायाशी बसून राहिली आणि बसल्या बसल्या तिला झोप लागली. गाढ झोप. कुठलंही गाव दिसलं नाही. उठली तेव्हा तिचे हात गरम होते, आणि छाती हलकी झाली होती.

दुसऱ्या दिवशी मार्ताबाईंचा निरोप आला. मुलगी सकाळी गेली. दोन मोठे पाव खाल्ले, लोणी लावून. कुठं जाणार ते सांगितलं नाही. बसथांब्याकडे चालत गेली, मागे वळून हात केला.

तिघं मित्र त्याआधीच परतले होते. प्रणीतनं त्या चौकातला फोटो कुणालाच दाखवला नाही. पुसून टाकला, एवढंच म्हणाला. तनयनं पुण्याच्या ऑफिसात बदली मागून घेतली. जाताना फोन केला, इकडचं तिकडचं बोलला. शमिका एकदा घरी आली. दारात बराच वेळ उभी राहिली. आसावरीनं "ये ना" म्हणून हात पुढे केल्यावर तिनं तो आधी बोटांच्या टोकांनी चाचपला, मग घट्ट धरला, आणि आत आली. त्या दोघींची मैत्री टिकली, पण एक गोष्ट बदलली. आसावरी समोर असताना शमिका तिच्याशी बोलायची, आणि आसावरी उठून आत गेली की घाबरी होऊन तिला हाक मारायची.

बाबा हळूहळू सुधारले. काठी घेऊन फाटकापर्यंत जाऊ लागले. त्या कॉलबद्दल ते एका शब्दानंही बोलले नाहीत. फक्त सकाळी कॉफीचा पेला हातात आला की कधीतरी विचारायचे, "कुठवर पोचली असेल गं?"

पहिल्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा आसावरीनं विचार न करता एका गावाचं नाव सांगितलं. तोंडातून निघून गेल्यावर ती चपापली, कारण ते नाव तिनं कधी वाचलेलं नव्हतं. तिनं आखलेला रस्ता लेवोचालाच संपत होता. त्या दिवशी तिनं नकाशा उघडून शोधलं. गाव होतं. लेवोचाच्या पूर्वेला, डोंगरापलीकडे, एका लहानशा नदीवर. त्यानंतर तिनं नकाशात बघायचं सोडून दिलं. बाबा विचारतात, ती नाव सांगते, आणि दर वेळी नाव नवं असतं.

परवा डिसेंबरातल्या सकाळी दोघं उन्हात बसली होती. बाबांनी पेला खाली ठेवला.

"तिकडे स्वल्प बर्फ पडायला लागला असेल," ते म्हणाले.

"लागलाय," आसावरी म्हणाली.